झिजणाऱ्या यंत्रभागांवर लोहाधारित कठीण लेप: गोव्यातील नवोदित कारागिरासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

डिचोली आणि सत्तरीच्या पट्ट्यात वेल्डिंगचे काम करणाऱ्या माणसाकडे आज ना उद्या कोणीतरी झिजलेला भाग घेऊन येतो आणि विचारतो, "यावर हार्ड रॉड मारून द्याल का?" कधी तो एक्स्कॅव्हेटरच्या बकेटचा दात असतो, कधी क्रशरची जॉ प्लेट, कधी खनिज धुण्याच्या प्लांटमधील स्क्रूचे पाते, तर कधी पॉवर टिलरची पाती असतात. विचारणारा प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारतो, पण प्रत्येक भागाचे उत्तर वेगळे असते. मी हे काम खनिज पट्ट्यातील एका दुरुस्ती शेडमध्ये शिकलो. २०१८च्या मार्चमध्ये खाणी थांबल्यावर काळ्या दगडाच्या क्रशरची आणि शेतीच्या अवजारांची कामे घ्यावी लागली, आणि खनिजात टिकणारा लेप दगडाखाली फुटतो हे तेव्हा नुकसान सोसून कळले. तसे नुकसान तुमच्या वाट्याला येऊ नये, यासाठी हा लेख लिहिला आहे.

यात एक आग्रह वारंवार येईल. रॉडच्या पेटीवर छापलेला कठीणपणाचा आकडा वाचण्याआधी झिजलेला भाग वाचायला शिका. आकडा नंतर पाहावा.

लोहाधारित लेप म्हणजे ज्यात लोह हा मुख्य घटक असून कार्बन, क्रोमियम, मँगनीज आणि गरजेनुसार बोरॉन, मॉलिब्डेनम, नायोबियम किंवा व्हॅनेडियम मिसळलेले असते असा मिश्रधातूचा थर. कोबाल्ट किंवा निकेलवर आधारलेले लेप आणि टंगस्टन कार्बाइडचे लेप (कार्बाइड म्हणजे धातू आणि कार्बन यांचे अतिकठीण संयुग) याहून बरेच महाग पडतात. लालभडक तापणाऱ्या व्हॉल्व्हसाठी किंवा तीव्र रसायनांत चालणाऱ्या भागांसाठी त्यांची गरज लागते. माती, वाळू, खनिज आणि दगड यांच्याशी झुंजणाऱ्या भागांना मात्र बहुतेक वेळा लोहाधारित लेप पुरतो.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

साधने:
- २०० ते ३०० अँपिअर क्षमतेचे डीसी वेल्डिंग यंत्र (रेक्टिफायर किंवा इन्व्हर्टर)
- ३५० अंश सेल्सियसपर्यंत जाणारी रॉड सुकवण्याची भट्टी
- १५०, २५० आणि ३५० अंशांचे तापमानदर्शक खडू (ठरलेल्या तापमानाला वितळणारे)
- ग्राइंडर, तारेचा ब्रश, कानस आणि चांगले चुंबक
- व्हर्नियर, वजनकाटा आणि मूळ आकाराचा पत्र्याचा साचा
- तडे शोधण्यासाठी डाय पेनिट्रंटचा (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाचा) संच
- हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, धूर गाळणारा श्वसन मुखवटा आणि धूर ओढणारा पंखा

कागदपत्रे:
- भागाचे रेखाचित्र, ते नसेल तर नव्या भागावरून घेतलेली मापे
- पायाच्या धातूचे प्रमाणपत्र (मिळाले तर फार मोठे काम वाचते)
- रॉडच्या बॅचचे प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे माहितीपत्रक
- जॉब कार्ड: कोणता भाग, कोणत्या यंत्राचा, किती तास चालला, काय केले
- कारखान्यात किंवा खाणीत जाऊन काम करायचे असल्यास तेथील व्यवस्थापकांचा आगीच्या कामाचा लेखी परवाना

शेवटचा कागद अनेकांना औपचारिकता वाटतो. ज्या बकेटवर तुम्ही ठिणग्या पाडणार आहात तिच्या शेजारी हायड्रॉलिक तेलाची नळी असते, एवढे लक्षात ठेवले की त्या कागदाचा अर्थ समजतो.

१. भाग कसा झिजला, ते आधी वाचा

भाग पाण्याने धुऊन, ब्रशने घासून उन्हात आणा आणि झिजलेला पृष्ठभाग तिरक्या प्रकाशात पाहा. बारीक, एकमेकांना समांतर ओरखडे दिसले तर वाळूसारखे कण दाब न देता घासून गेले आहेत. खोल चर पडले असतील तर मोठे दगड दाबाखाली सरकले आहेत. कडा वळल्या असतील, खळगे पडले असतील किंवा टवके उडाले असतील तर तिथे आघात आहे. पृष्ठभाग गुळगुळीत पण लाटांसारखा झाला असेल तर गाळमिश्रित पाण्याने तो खाल्ला आहे, आणि हे स्लरी पंपाच्या इम्पेलरवर हमखास दिसते. धातू ओढल्यासारखा, फासल्यासारखा दिसला तर धातूवर धातू घासला आहे. तपकिरी खड्डे दिसले तर झिजेबरोबर गंजही काम करतो आहे.

एका भागावर दोन-तीन प्रकार एकत्र असतात. बकेटच्या दाताच्या टोकाला आघात आणि घासण दोन्ही असते, त्याच बकेटच्या तळाला केवळ घासण असते. म्हणून एका बकेटवर दोन वेगळे रॉड वापरावे लागले तर त्यात काही वावगे नाही.

यानंतर घासणारा पदार्थ ओळखा. गोव्याच्या खनिजात हेमेटाइट, गोथाइट ही लोहखनिजे आणि चिकणमाती यांच्याबरोबर क्वार्ट्झही असते, आणि पट्टेदार हेमेटाइट क्वार्ट्झाइट जिथे लागतो तिथे ते अधिक असते. खरा शत्रू हे क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतले मुख्य खनिज, आहे. त्याचा कठीणपणा विकर्स मापावर (हिऱ्याच्या टोकाने दाबून कठीणपणा मोजण्याचे माप) १००० च्या आसपास भरतो, तर पाणी देऊन पूर्ण कठीण केलेले पोलाद ७०० ते ८०० पर्यंत जाते. म्हणजे तुमचे उत्तम कठीण पोलादसुद्धा वाळूचा कण ओरखडू शकतो. क्रोमियम कार्बाइडचे स्फटिक मात्र सुमारे १५०० पर्यंत जातात, त्यामुळे वाळू त्यांना सहजी कापू शकत नाही. दोन लेप रॉकवेल यंत्रावर तेच ६० एचआरसी (रॉकवेल सी मापातील कठीणपणा) दाखवू शकतात, पण एकात असे कार्बाइड भरपूर असतील आणि दुसऱ्यात ते नसतील, तर वाळूत पहिला कितीतरी अधिक टिकतो. पेटीवरचा आकडा पुरेसा नसतो, याचे कारण हेच आहे.

२. पायाचा धातू ओळखा

ज्यावर लेप द्यायचा तो धातू न ओळखता रॉड पेटवणे ही या कामातील सर्वांत महाग चूक आहे. प्रमाणपत्र नसेल तर तीन साध्या चाचण्या करा.

पहिली चुंबकाची. क्रशरच्या जॉ प्लेट बहुधा मँगनीज पोलादाच्या असतात. यात ११ ते १४ टक्के मँगनीज असते, रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद मार खाऊन पृष्ठभागावर कठीण होत जाते, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. मात्र ओतीव भागाच्या वरच्या सालीला चुंबक थोडेसे लागू शकते, म्हणून एक जागा ग्राइंडरने दोन-तीन मिलिमीटर खरवडून मगच चुंबक लावा.

दुसरी ठिणग्यांची. सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब आणि कमी फुटणाऱ्या असतात. कार्बन वाढेल तसे त्यांचे फुटणे वाढते. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर दिसतात. शेजारी ओळखीच्या धातूचे तुकडे ठेवून तुलना करा, म्हणजे डोळा लवकर तयार होतो. तिसरी चाचणी कानशीची. कानस घसरली तर भाग कठीण केलेला आहे आणि तापवल्यावर तो तडकू शकतो.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका क्रशरची जॉ प्लेट मी साधे पोलाद समजून नीट तापवली, एका बैठकीत भरली आणि राखेत सावकाश थंड केली. जे साध्या कार्बन पोलादाला मानवते तेच मँगनीज पोलादाला मारक ठरते. २६० अंशांच्या वर फार वेळ राहिल्यास त्याच्या कणांच्या सीमांवर कार्बाइड साचतात आणि चिवट धातू ठिसूळ होतो. ती प्लेट चौथ्या दिवशी मधोमध तुटली. चुंबक खिशात होते, ते फक्त लावायचे राहिले होते.

३. मिश्रधातू निवडा

बाजारात नावे अनेक असली तरी लोहाधारित रॉडचे चार मोठे गट ध्यानात ठेवले की पुरे.

पहिला गट भर घालण्याचा. कमी मिश्रणाचे हे रॉड ३० ते ४० एचआरसीचा चिवट थर देतात. भाग फार झिजला असेल तर मूळ आकार यांनी भरून घ्यावा आणि कठीण लेप वरच्या दोन थरांपुरता ठेवावा. ट्रॅकचे रोलर, कपलिंग यांसारख्या धातूवर धातू घासणाऱ्या भागांना हाच थर पुरतो.

दुसरा मार्टेन्सिटिक गट, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादासारखी कठीण रचना देणारा, ५० ते ६० एचआरसीचा. मध्यम आघात आणि मध्यम घासण एकत्र असेल तिथे तो चालतो. बकेटचे दात, टिलरची पाती, मातीतील अवजारे ही त्याची जागा आहे.

तिसरा मँगनीज गट. जिथे दगड आदळतात आणि पाया मँगनीज पोलादाचा आहे तिथे हाच वापरावा. ताजा लेप मऊ वाटतो, कानशीने कापलाही जातो, आणि ते पाहून ग्राहक नाराज होतो. त्याला समजावून सांगा की हा लेप दगडाचा मार खाऊन कठीण होणार आहे. पण जिथे मारच नाही, केवळ वाळू घासते, तिथे हा रॉड घालू नका, कारण तिथे तो कठीण होण्याची वेळच येत नाही.

चौथा उच्च क्रोमियम कार्बाइडचा गट. साधारण ३ ते ५ टक्के कार्बन आणि २० ते ३० टक्के क्रोमियम. शुद्ध घासणीसाठी याच्याइतका किफायतशीर लेप नाही, म्हणूनच धुलाई प्लांटचे स्क्रू, खनिजाच्या चुट आणि पंख्यांची पाती यांच्यावर तो दिसतो. याच गटात नायोबियम, व्हॅनेडियम किंवा बोरॉन घातलेले अधिक कठीण आणि अधिक महाग प्रकारही मिळतात.

या चौथ्या गटाबद्दल दोन इशारे. तो ठिसूळ असतो, त्यामुळे मोठा दगड जिथे उंचावरून पडतो तिथे टवके उडतात. दुसरा इशारा मुरगाव बंदर, बार्ज आणि खाऱ्या पाण्याजवळच्या कामांसाठी आहे. २५ टक्के क्रोमियम वाचून अनेकांना वाटते की हा लेप स्टेनलेससारखा गंजमुक्त असेल. बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेले असते, उरलेल्या धातूत ते कमी राहते, आणि लेप गंजतो. खाऱ्या पाण्यात झीज आणि गंज एकत्र असतील तर उत्पादकाला तसे स्पष्ट सांगून रॉड मागा.

४. वितळवून की फवारून, ते ठरवा

वेल्डिंगने दिलेला लेप पायाशी वितळून एकजीव होतो. एका थराची जाडी २ ते ३ मिलिमीटर भरते आणि तो आघात सोसतो. फवारून दिलेल्या लेपात वितळलेले किंवा मऊ झालेले कण वेगाने आदळून एकमेकांत अडकतात. त्याची जाडी बहुधा ०.१ ते ०.५ मिलिमीटर असते, पायाचा धातू फारसा तापत नाही आणि भाग वाकत नाही.

म्हणून नियम सोपा आहे. दगड, माती, आघात, जाड झीज असेल तर वेल्डिंग. अचूक मापाचा शाफ्ट, सीलची जागा, पंपाचा स्लीव्ह असेल तर फवारणी. फवारणीत दोन विद्युतभारित तारा वितळवून हवेने उडवण्याची आर्क स्प्रे पद्धत स्वस्त आहे, आणि अतिवेगवान ज्योतीची एचव्हीओएफ पद्धत महाग पण अधिक घट्ट, दाट लेप देणारी आहे. लोह, क्रोमियम, मॉलिब्डेनम, बोरॉन आणि कार्बन यांच्या काही भुकट्या आदळताच इतक्या झटकन थंड होतात की स्फटिक बनायला वेळ मिळत नाही आणि काचेसारखी अस्फटिक रचना तयार होते. हार्ड क्रोम मुलाम्याला पर्याय म्हणून या भुकट्यांकडे पाहिले जाते, कारण त्या मुलाम्याच्या द्रावणात कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम असते.

फिरत्या शाफ्टवर कार्बाइडचा रॉड कधीही मारू नका. शाफ्ट दर फेरीत वाकतो आणि सरळ होतो, लेपातील तडा त्या हालचालीने पायात उतरतो आणि शाफ्ट तुटतो. फवारणीचा लेपही शाफ्टची गेलेली ताकद परत आणत नाही, तो केवळ माप आणि पृष्ठभाग परत देतो. शाफ्टच्या पोटातच तडा असेल तर तो बदलावा, हे ग्राहकाला ठामपणे सांगावे.

५. स्वच्छता आणि ओलावा: पावसाळ्याचे विशेष

जुना लेप उरला असेल तर तो ग्राइंडरने किंवा कार्बन आर्क गाउजिंगने (कार्बनच्या कांडीच्या आर्कने धातू वितळवून हवेने उडवून) पूर्ण काढा. कार्बाइडचा लेप गॅस कटरने नीट कापला जात नाही, तिथे वेळ घालवू नका. जुन्या, भेगाळलेल्या लेपावर नवा लेप चढवला तर दोन्ही एकत्र निघून येतात. तेल, ग्रीस, गंज, रंग यांतील काहीही राहता कामा नये. बंदरातून किंवा बार्जवरून आलेला भाग ब्लास्टिंगपूर्वी (दाबाच्या हवेने कठीण दाणे मारून पृष्ठभाग साफ करण्यापूर्वी) गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, कारण ब्लास्टिंगमुळे मीठ निघत नाही, ते पृष्ठभागात ठोकले जाते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघड्यावर ठेवलेल्या रॉडचे आवरण ओलावा शोषून घेते. त्या ओलाव्यातील हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, लेपाखाली तडा उघडतो. भर घालण्याचे लो-हायड्रोजन रॉड ३०० ते ३५० अंशांवर १ ते २ तास सुकवा आणि लागतील तसे भट्टीतून काढा. हार्डफेसिंग (कठीण लेपाच्या) रॉडसाठी उत्पादकाने दिलेले तापमान पाळा, कारण प्रत्येक आवरण वेगळे असते. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवणे म्हणजे सुकवणे नव्हे.

फवारणीसाठी नियम अधिक कडक आहे. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे लागते. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या किंचित वर येतो, म्हणजे भाग २८ अंशांच्या वर हवा. हवेइतका थंड भाग त्या दिवशी अपात्र ठरतो, त्याला हलके तापवावेच लागते. कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी आणि तेल गाळून घ्या, आणि ब्लास्टिंग झाल्यावर भाग रात्रभर ठेवू नका, त्याच पाळीत फवारणी उरका. ब्लास्टिंगसाठी नदीची वाळू वापरू नये. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि फुफ्फुसांची ती हानी भरून येत नाही. ॲल्युमिनाचे दाणे वापरा.

६. तापवणे आणि थंड करणे

पातळ सौम्य पोलादाला आधी तापवण्याची गरज नसते. ईएन ८ सारख्या मध्यम कार्बन पोलादाला १५० ते २५० अंश, ईएन १९ किंवा ईएन २४ सारख्या मिश्र पोलादाला २५० ते ३५० अंश तापवावे, आणि काम संपेपर्यंत तापमान त्याखाली जाऊ देऊ नये. काम झाल्यावर भाग कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश थंड करावा. पंख्यासमोर किंवा पावसाच्या झडीत ठेवू नये.

मँगनीज पोलादाला हे सर्व उलटे लागू होते. ते तापवू नका, आखूड पट्ट्या घाला, जागा बदलत राहा, आणि वेल्डपासून थोड्या अंतरावर २५० अंशांचा खडू ओढून पाहत राहा. खडू वितळला तर थांबा. भाग पाण्यात बुडवून केवळ वरचा भाग उघडा ठेवण्याची पद्धत चांगली आहे.

बिडावर थेट कठीण लेप नवख्याने देऊ नये. ते काम निकेलच्या रॉडने, वेगळ्या काळजीने होते.

७. लेप चढवा

मँगनीज पोलादावर किंवा फार कठीण पायावर आधी ३०९ प्रकारच्या स्टेनलेस रॉडचा एक मधला थर द्या. तो चिवट असल्यामुळे वरच्या लेपातील तडे खाली उतरत नाहीत. मँगनीज पोलादावर साध्या ७०१८ (सौम्य पोलादाच्या लो-हायड्रोजन) रॉडचा थर देऊ नका, दोघांच्या मिसळीतून ठिसूळ पट्टा तयार होतो आणि लेप पापडासारखा सुटतो.

करंट उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला ठेवा. यामागे मिसळीचा हिशेब आहे. हाताने केलेल्या वेल्डिंगमध्ये पहिल्या थरात पायाचा धातू सुमारे ३० टक्के मिसळतो. रॉडमध्ये ३० टक्के क्रोमियम आणि ४.५ टक्के कार्बन असेल तर पहिल्या थरात क्रोमियम २१ टक्के आणि कार्बन ३.२ टक्क्यांच्या आसपास उरतो. दुसऱ्या थरात क्रोमियम पुन्हा २७ टक्क्यांवर जाते. म्हणून कार्बाइडचे दोन थर द्यावेत. एकच थर देऊन पैसे वाचवणारा ग्राहक पातळ झालेला मिश्रधातू विकत घेत असतो. करंट वाढवला की मिसळ वाढते आणि दुसरा थरही बिघडतो. तीन थरांपेक्षा जास्त मात्र देऊ नका, ताण साठून लेप सोलून निघतो.

पट्ट्यांची दिशा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच शिकवला जात नाही. मोठे दगड सरकत असतील तर पट्ट्या त्यांच्या वाटेला समांतर घाला, म्हणजे दगड पट्ट्यांवरून रुळावरून जावा तसा घसरतो आणि मधला पाया सुरक्षित राहतो. बारीक, कोरडी किंवा ओली माती असेल तर पट्ट्या वाटेला आडव्या घाला. माती दोन पट्ट्यांच्या मध्ये साचून राहते आणि पुढे येणारी माती लोखंडाऐवजी त्या मातीवरच घासते. आपल्या चिकट खनिजात हे फार उत्तम चालते. दोन्ही मिसळलेले असेल तर तिरक्या चौकड्या घाला. पूर्ण पृष्ठभाग मढवला नाही म्हणून ग्राहक तक्रार करील, त्याला पट्ट्यांमध्ये अडकलेली माती दाखवा.

कार्बाइडच्या लेपावर दर १० ते १५ मिलिमीटरवर आडवे तडे पडतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. हे तडे ताण मोकळा करतात आणि ते अपेक्षित आहेत. पट्टीच्या लांबीने धावणारा किंवा पट्टीच्या कडेखालून जाणारा तडा मात्र दोष आहे, तो दिसला की लेप काढून पुन्हा करा.

यंत्रावरच काम करत असाल तर अर्थिंगचा क्लॅम्प ज्या भागावर वेल्ड करायचे त्याच भागाला, शक्य तितका जवळ लावा. तो चेसिसला कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा पिनमधून वाट काढतो आणि आत ठिणग्यांचे डाग पडतात. आठवड्याभराने बेअरिंग आवाज करू लागते आणि कारण कोणालाच सापडत नाही. बॅटरी सोडवून ठेवा, आणि नव्या यंत्रांत कंट्रोलरचे कनेक्टरही काढा.

धुराकडे दुर्लक्ष करू नका. क्रोमियमच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असते आणि मँगनीजचा धूर दीर्घकाळ श्वासात गेला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. रुमाल बांधून हा धूर अडत नाही. पावसामुळे शेडचे दरवाजे बंद केले असतील त्या दिवशी पंखा अधिकच आवश्यक असतो.

८. तपासा आणि माप जुळवा

पत्र्याचा साचा लावून आकार पाहा. मार्टेन्सिटिक आणि कार्बाइडचे लेप लेथवर वळवता येत नाहीत, ग्राइंडिंगच करावे लागते, म्हणून गरजेपेक्षा जास्त धातू चढवू नका. चिवट थरांवर डाय पेनिट्रंट वापरा.

फवारणीच्या पातळ लेपाचा कठीणपणा रॉकवेल सी मापाने घेऊ नका. ६० एचआरसीच्या पृष्ठभागात त्या यंत्राची सुई ०.०८ मिलिमीटर आत जाते आणि मापन खरे येण्यासाठी लेप त्याच्या दहापट, म्हणजे ०.८ मिलिमीटर जाड लागतो. ०.३ मिलिमीटरच्या लेपावर घेतलेला आकडा लेपाबरोबर पायाचाही असतो. अशा लेपासाठी कापलेल्या नमुन्यावर कमी भाराची विकर्स चाचणी मागा. घासणीची तुलना हवी असेल तर कोरडी वाळू आणि रबरी चाक वापरणारी एएसटीएम जी ६५ ही चाचणी प्रमाण मानली जाते, आणि फवारलेल्या लेपाच्या पकडीसाठी एएसटीएम सी ६३३.

९. खर्चाचा हिशेब

समजा बकेटच्या ओठावर १००० मिलिमीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड लेप द्यायचा आहे. आकारमान ५०० घन सेंटिमीटर झाले. घनता ७.५ धरली तर ३.७५ किलो धातू चढायला हवा. हाताच्या रॉडचा सुमारे ६० टक्के भागच प्रत्यक्ष चढतो, बाकी आवरण, ठिणग्या आणि फेकलेले तुकडे यांत जातो. म्हणजे ६.२५ किलो रॉड लागेल. नवखे लोक ३.७५ किलोची किंमत सांगतात आणि नुकसान सोसतात. याशिवाय जुना लेप काढणे, तापवणे आणि ग्राइंडिंग यांचे तास वेगळे धरा. अनेक कामांत हे तास रॉडपेक्षा महाग पडतात.

१०. पहिला सराव टिलरच्या पात्यांवर करा

जॉ प्लेटने किंवा मोठ्या बकेटने सुरुवात करू नका. सरद (पावसाळी) पिकाच्या नांगरणीपूर्वी ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉवर टिलरच्या पात्यांचा एक संच मागून घ्या. पाती उच्च कार्बनच्या पोलादाची असतात, म्हणून ती सौम्य तापवा आणि कमी करंटवर बारीक रॉडने मार्टेन्सिटिक पट्टी घाला. पट्टी धारेच्या एकाच बाजूला द्या. दुसरी, मऊ बाजू आधी झिजत जाते आणि पाते चालता चालता स्वतःच धारदार राहते.

निम्म्या पात्यांना लेप द्या आणि निम्मी तशीच ठेवा, पण लेपाची पाती शाफ्टवर समोरासमोरच्या जोड्यांत बसवा, नाहीतर रोटर हादरतो. प्रत्येक पात्यावर पंचने क्रमांक ठोका, वजन करा आणि वहीत लिहा. रॉडचा प्रकार, बॅच, करंट, तापमान आणि पट्टीची लांबी हेही लिहा. खाजन (खाडीकाठचे बांध घातलेले) शेत आणि डोंगरउतारावरचे खडेयुक्त शेत यांत झीज वेगळी होते, म्हणून शेताचे नाव आणि टिलर किती तास चालला तेही शेतकऱ्याकडून लिहून घ्या. लावणी आटोपली की पाती काढून धुवा, सुकवा आणि पुन्हा वजन करा. दर तासाला किती ग्रॅम धातू गेला याचे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा, आणि वायंगणाच्या (हिवाळी पिकाच्या) नांगरणीआधी रॉड किंवा पट्टीची दिशा यांपैकी एकच गोष्ट बदलून तोच संच पुन्हा शेतावर पाठवा.